सालच्या खोडातील बोगदे आणि भुंगेऱ्याची ओळख : पार्श्वभूमी

मध्य प्रदेशातील मंडला, डिंडोरी, बालाघाट आणि अमरकंटकच्या परिसरातील साल वृक्षाची जंगले १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वाळू लागली, तेव्हा झाडे खोड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्यामुळे मरत आहेत याबद्दल दुमत नव्हते. कोणते झाड मेले असे धरायचे आणि कोणत्या झाडाला अजून वेळ द्यायचा, यावर मात्र मोठा वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाचे मूळ समजून घ्यायचे असेल तर झाडाच्या सालीखाली अळीने कोरलेले बोगदे वाचण्याची विद्या आपल्याकडे कशी आली आणि ती कुठे अपुरी पडली, हे पाहावे लागते.

बोगद्यांच्या नक्षीवरून किडा ओळखण्याची परंपरा युरोपातील सूचिपर्णी जंगलांतली आहे. तिथल्या सालीखाली राहणाऱ्या एका भुंगेऱ्याला १७५८ साली मिळालेल्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘मुद्रक’ असा आहे, कारण त्याच्या मादीचा उभा बोगदा आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले अळ्यांचे बोगदे छापील मजकुरासारखे दिसतात. भारतात ही नजर वनखात्याबरोबर आली. सालवृक्ष पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे, म्हणजे हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निसचे, शास्त्रीय वर्णन १८४२ मध्येच झाले होते. परंतु जंगलाचा शत्रू म्हणून त्याची दखल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतली गेली. १९०६ मध्ये देहरादूनला वनसंशोधनाची संस्था उभी राहिल्यावर अळ्या, कोष आणि बोगदे यांची पद्धतशीर वर्णने होऊ लागली. नागपूरहून कारभार चालणाऱ्या तेव्हाच्या मध्य प्रांतात १९२३ ते १९२८ या काळात आलेल्या साथीत सुमारे ७० लाख सालवृक्ष गेल्याचा आकडा सांगितला जातो. आज जंगलात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक खुणा त्या साथीच्या आणि तिच्यानंतरच्या दोन दशकांच्या अभ्यासातून आल्या आहेत.

या खुणा एकेकट्या पाहिल्या तर फसवतात. पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडलेली मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी आधी अंतर्सालीत वेडेवाकडे कोरत जाते, मग रसकाष्ठात, म्हणजे पाणी वाहणाऱ्या बाहेरच्या लाकडात, रुंद, अनियमित बोगदे काढते आणि शेवटी लंबगोल छिद्र पाडून गाभ्याच्या लाकडात शिरते. तिथे कोषासाठी कोठडी तयार करून ती चुन्यासारख्या पांढऱ्या झाकणाने बंद केली जाते, आणि कोषातून निघालेला भुंगेरा पुढच्या पावसाची वाट पाहत त्याच कोठडीत थांबतो. हे पांढरे झाकण दिसताच ‘सालचाच भुंगेरा’ असा निर्वाळा देण्याचा मोह होतो; पण लांब शृंगिकांच्या (डोक्यावरच्या मिशांच्या) या कुळातील इतरही काही भुंगेरे असा चुना वापरतात. कोकणात आणि गोव्यात काजूची खोडे व मुळे पोखरणाऱ्या किड्याचा, म्हणजे शेतकरी ज्याला रोठा म्हणतात त्याचा, कोष याच प्रकारच्या चुनखडी आवरणात असतो. त्यामुळे झाकण, छिद्राचा आकार, बोगदा लाकडाच्या कोणत्या थरात आहे आणि आतला भुसा कसा आहे, हे सगळे एकत्र जुळवूनच निष्कर्ष काढावा लागतो.

भुशाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण बोगद्यापेक्षा तो लवकर दिसतो. सालच्या भुंगेऱ्याची अळी तंतुमय, भरड भुसा मोठ्या प्रमाणात बाहेर ढकलते आणि बुंध्याशी त्याचा ढीग साचतो. दुसऱ्या एका कुळातील भुंगेऱ्यांच्या चपट्या डोक्याच्या अळ्यांचे बोगदे याउलट चपटे असतात आणि त्यांत बारीक भुसा कमानीसारख्या थरांनी ठासून भरलेला असतो. टाचणीच्या टोकाएवढी, काळसर कडांची, आतून स्वच्छ छिद्रे दिसली तर ती बुरशी वाढवून खाणाऱ्या लहान भुंगेऱ्यांची असतात. ते बहुधा तोडलेल्या किंवा मरू घातलेल्या लाकडात येतात. पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो वाळलेल्या लाकडातला घूण समजावा. मेलेल्या सालच्या खोडात यांपैकी दोन-तीन प्रकारचे बोगदे एकमेकांवरून गेलेले सापडतात, आणि त्यांतला आधीचा कोणता व नंतरचा कोणता हे ठरवल्याशिवाय झाडाच्या मृत्यूचा दोष कोणावरही टाकता येत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ या किड्याच्या इंग्रजीतून आलेल्या नावाने केला आहे. त्याला ‘गाभा पोखरणारा’ असे म्हटले जाते, आणि इमारती लाकडाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते नाव योग्यच आहे, कारण फळी चिरल्यावर भाव पाडणारी भोके गाभ्यातच दिसतात. झाड मात्र त्या भोकांमुळे मरत नाही. गाभ्याचे लाकूड हा झाडाचा मृत भाग असतो. पाणी वर चढते ते रसकाष्ठातून आणि अन्न खाली उतरते ते अंतर्सालीतून. अनेक अळ्यांचे बोगदे या दोन थरांत एकमेकांना मिळून खोडाभोवती कडे पूर्ण करतात, तेव्हा शेंडा वाळतो. म्हणजे ज्या टप्प्यावरून किड्याला नाव मिळाले, त्या टप्प्यावर अळी पोहोचेपर्यंत झाडाचा निकाल बराचसा लागलेला असतो. उलट, सशक्त झाडात कोवळ्या अळ्या शिरताच राळ वाहू लागते आणि पुष्कळशा अळ्या त्या राळेतच बुडून मरतात. आपण धूप म्हणून जाळतो ती हीच राळ. खोडावर राळेचे ओघळ दिसणे हे हल्ल्याचे लक्षण आहे तसेच प्रतिकाराचेही आहे. हा दुहेरी अर्थ ‘गाभा पोखरणारा’ या नावाखाली झाकला गेला आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

१९९०च्या दशकातील साथीत बाधित झाडांची टी-१ ते टी-७ अशी प्रतवारी करण्यात आली. एका टोकाला शेंड्यापासून वाळलेले आणि बुंध्याशी भुशाचा ढीग असलेले झाड होते, तर दुसऱ्या टोकाला हिरवेगार, केवळ राळ गाळणारे झाड. लाखो झाडे थोड्या महिन्यांत, पुढचा पाऊस येण्याआधी, तपासायची असताना बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवर वर्ग पाडणे अपरिहार्य होते, हे मान्य करायला हवे. तोडीच्या बाजूने असणाऱ्यांचा मुद्दाही बिनबुडाचा नव्हता : भुंगेरे बाहेर पडण्याआधी बाधित खोड जंगलातून हलवले नाही, तर एकेका मादीची शंभराहून अधिक अंडी शेजारच्या झाडांवर जातात. मात्र प्रतवारी हा अंदाज होता आणि तिचा वापर निदान म्हणून होऊ लागला, ही माझ्या मते त्या काळातील सर्वांत गंभीर चूक होती. मधल्या वर्गांतील झाडांच्या बाबतीत भुसा आणि राळ यांवरून आतले कडे पूर्ण झाले आहे की नाही, हे समजत नाही. ते समजण्यासाठी काही नमुन्याची झाडे सोलून रसकाष्ठातील बोगदे मोजावे लागतात, आणि प्रत्येक भागात ती मोजणी करून मगच तिथली तोड ठरवायला हवी होती. सालचे झाड पुन्हा उभे राहायला कित्येक दशके लागतात. जे झाड राळेच्या जोरावर वाचले असते ते तोडल्यास त्याबरोबर प्रतिकार करू शकणारे बीजही जाते. आक्षेप घेणाऱ्यांनी हेच मांडले. पुढे जास्त बाधित वर्गांतील झाडे काढावीत आणि कमी बाधित वर्गांतील झाडांना संधी द्यावी, या दिशेने धोरण वळले, तोपर्यंत बरीच तोड होऊन गेली होती.

आज साथ रोखण्यासाठी मुख्य भर आहे तो सापळा-झाडांवर. पावसाळ्याच्या सुरुवातीला सालचे झाड तोडून त्याचे ओंडके करतात आणि टोकांकडची साल ठेचून ठेवतात. ताज्या रसाच्या वासाने भुंगेरे दुरून येतात, रस पिऊन सुस्त होतात आणि वेचले जातात; गावकऱ्यांना भुंगेऱ्यांच्या संख्येवर मजुरी देण्याची पद्धत जुनी आहे. किती सापळे लावायचे याचा अंदाज मात्र पुन्हा बोगद्यांवरूनच घ्यावा लागतो. रसकाष्ठात मेलेल्या अळ्यांचे अर्धवट बोगदे हिशेबात धरत नाहीत. सोललेल्या खोडावर गाभ्यात शिरलेली लंबगोल छिद्रे मोजतात, कारण अशा प्रत्येक छिद्रामागे एकच अळी असते, आणि ती जगली तर येत्या पावसात एक भुंगेरा बाहेर पडतो.