लॉसन, जेम्स मॉरिस (ज्युनियर)

(२२ सप्टेंबर १९२८ – ९ जून २०२४). अमेरिकेतील मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) धर्मोपदेशक आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतील अहिंसक लढ्याचे शिक्षक. जन्म पेनसिल्व्हेनियातील युनियनटाउनचा, बालपण ओहायोतील मॅसिलनमध्ये. वडील आणि आजोबा दोघेही पाद्री. लहानपणी मोटारीत बसलेल्या एका गोऱ्या मुलाने वर्णावरून शिवी दिली, तेव्हा जेम्सने त्याच्या थोबाडीत मारली. घरी येऊन त्याने हे आईला सांगितले. स्वयंपाकात गुंतलेल्या आईने मागे वळूनही न पाहता विचारले, की याने काय साधले? हा प्रश्न आयुष्यभर आपल्या मनात राहिला, असे लॉसन सांगत.

कोरियन युद्धाच्या काळात त्यांनी सक्तीची सैन्यभरती नाकारली. धर्मशिक्षणाच्या आधारे सवलत मिळू शकत असतानाही त्यांनी ती मागितली नाही आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटकेनंतर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवायला आले. तिथे खेळांचे प्रशिक्षणही त्यांच्याकडे होते. गांधीजींना जाऊन पाच वर्षे झाली होती. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसे लॉसन यांना भेटली आणि सत्याग्रहाचा त्यांनी कसून अभ्यास केला. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये अमेरिकेच्या मॉन्टगोमरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या बस-बहिष्काराची बातमी आली. ती वाचून ते आनंदाने ओरडले आणि टाळ्या पिटू लागले. ज्याची वाट पाहत होते ते त्यांच्याच देशात सुरू झाले होते. या लढ्याचा एक धागा आपल्या नागपुरातून जातो, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे.

१९५६ मध्ये ते परतले. पुढच्या फेब्रुवारीत ओबर्लिन येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. अमेरिकेच्या दक्षिणेत तुमच्यासारखा माणूस नाही, शिक्षण संपायची वाट न पाहता आत्ताच या, असा आग्रह किंग यांनी धरला. लॉसन दक्षिणेतील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले.

तिथे एका चर्चच्या तळघरात त्यांनी घेतलेले वर्ग हे त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल. खुर्च्या मांडून उपाहारगृहाचा काउंटर उभा केला जाई. काही विद्यार्थी त्यावर बसत. बाकीचे गुंडांची सोंगे घेऊन त्यांना शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. मार पडताना डोके कसे सांभाळायचे आणि मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, याची तालीम पुन्हा पुन्हा होई. मार खाऊनही हात न उचलणे हे अंगी बाणवावे लागते, ऐन वेळी ते सुचत नाही, अशी त्यांची धारणा होती. पुढे नागरी हक्क चळवळीचे नेते झालेले डायेन नॅश, जॉन लुइस, बर्नार्ड लाफायेट हे याच वर्गांतले.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी विद्यार्थी नॅशव्हिलच्या दुकानांतील गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर जाऊन बसले. या आंदोलनातील सहभागामुळे मार्चमध्ये विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले. याच्या निषेधार्थ धर्मशास्त्र विभागातील बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. १० मे रोजी ते काउंटर सर्वांना खुले झाले.

१९६८ मध्ये मेम्फिस येथे कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार चिरडले गेले आणि सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. ‘मी माणूस आहे’ एवढेच सांगणारे फलक घेऊन ते रस्त्यावर उतरले. संपाच्या पाठिंब्यासाठी उभ्या राहिलेल्या समितीची धुरा लॉसन यांच्याकडे होती. किंग यांना त्यांनीच मेम्फिसला बोलावले. तिथेच ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली. त्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या कैद्याला लॉसन पुढे तुरुंगात जाऊन भेटत राहिले. त्यांची अहिंसा किती खोल होती, ते इथे दिसते.

१९७४ पासून पंचवीस वर्षे ते लॉस एंजेलिसच्या होल्मन चर्चचे पाद्री होते. हॉटेल कामगार आणि सफाई कामगारांच्या संघटनांना त्यांनी हीच शिस्त शिकवली.

त्यांचा गौरव उशिरा झाला. व्हँडरबिल्टने २००६ मध्ये माफी मागितली आणि त्यांना अतिथी प्राध्यापक म्हणून बोलावले. विद्यापीठाचा राग मनात न ठेवता ते शिकवायला गेले. पुढे तिथे अहिंसक चळवळींच्या अभ्यासासाठी त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने लॉस एंजेलिसमधील आपल्या कामगार केंद्राच्या इमारतीला त्यांचे नाव दिले. २०२३ मध्ये नॅशव्हिलमध्ये ‘जेम्स लॉसन हायस्कूल’ सुरू झाले. वयाच्या ९५व्या वर्षी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.