बेडफर्डच्या इटालियन कुटुंबांचा वंशशोध

इंग्लंडमधील बेडफर्ड या शहरात १९५१ पासून वीटभट्ट्यांवर कामाला आलेल्या दक्षिण इटालियन मजुरांची मूळ गावे, घराणी आणि पिढ्या कागदपत्रांवरून शोधून काढण्याचा उद्योग. तो करणारे बहुतेक जण या मजुरांची नातवंडे-पतवंडे असतात. त्यांची मातृभाषा इंग्रजी असते आणि आजीच्या बोलीतले चार शब्द कानावर राहिलेले असतात.

इंग्लंडला इटालियन माणूस तेव्हा नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात टस्कनीतल्या लुक्का भागातून प्लास्टरच्या मूर्ती विकणारे येत, पार्माकडच्या डोंगरी खोऱ्यांतून रस्त्यावर वाद्ये वाजवत पोट भरणारे येत, पुढे आइस्क्रीमवाले आले. लंडनच्या क्लार्कनवेल भागात १८६३ साली इटालियनांचे चर्चही उभे राहिले. पण ही माणसे सुटीसुटी आली. बेडफर्डला इटालियन आले ते घाऊक भरतीने, एका कंपनीच्या कराराने आणि सरकारी परवान्याने. त्यामुळे त्यांचा माग काढण्याची रीतही वेगळी आहे.

बेडफर्डच्या नैर्ऋत्येला मार्स्टन खोऱ्यात जमिनीखाली ‘ऑक्सफर्ड क्ले’ नावाची माती आहे. तिच्यात मुळातच सेंद्रिय द्रव्य असल्यामुळे भट्टीत ती अर्धीअधिक स्वतःच जळते आणि कोळसा थोडका लागतो. या मातीच्या विटेला ‘फ्लेटन’ म्हणतात. लंडन ब्रिक कंपनीने या मातीवर मोठा कारखाना उभारला आणि कामगारांसाठी स्टूअर्टबी हे गाव वसवले. तिथला कारखाना एके काळी जगातला सर्वांत मोठा वीट कारखाना मानला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबने उद्ध्वस्त झालेली घरे पुन्हा बांधायची होती, विटांना प्रचंड मागणी होती, पण कच्च्या विटा भट्टीत रचणे आणि भाजलेल्या विटा तापल्या भट्टीतून बाहेर काढणे ही कामे करायला इंग्रज मजूर तयार होईना. युद्धात इटालियन कैद्यांना याच परिसरात कामाला लावले होते, हात ओळखीचे होते. कंपनीने नेपल्सला भरती सुरू केली. वैद्यकीय तपासणी, निवड, चार वर्षांचा करार, मग रेल्वेने युरोप ओलांडून आणि इंग्लिश खाडी पार करून इंग्लंड. १९५० च्या दशकात अशा प्रकारे ७,५०० हून अधिक पुरुष आणले गेल्याचे सांगितले जाते. त्यांची सुरुवातीची राहण्याची सोय युद्धकैद्यांच्या जुन्या छावण्यांत होती. ज्या आवारात काल कैदी होते तिथेच आज करारावरचे मजूर, हे त्या वेळी कोणाला खटकल्याचे फारसे दिसत नाही.

करार संपेपर्यंत नोकरी बदलता येत नसे. चार वर्षे भरली की बंधन सुटे. मग कोणी दुसरे काम धरी, कोणी मित्रांबरोबर मिळून जुने घर विकत घेई, बायकोला बोलावून घेई आणि खोल्या गावच्याच नव्या मंडळींना भाड्याने देई. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने मेव्हण्याला बोलावायचे, असे करत काही गावांची गावेच इकडे सरकली. कांपान्या प्रांतातले मोन्तेफाल्चोने, मोलीझेमधले बुस्सो, सिसिलीतले सान्तांजेलो मुक्सारो ही नावे बेडफर्डमध्ये आजही घरगुती आहेत. मुंबईत कोकणातल्या एकेका गावाची मंडळी एकाच गाळ्यात राहत, तसाच हा प्रकार.

वंशशोध करणाऱ्याला मात्र सुरुवातीलाच एक धक्का बसतो. इंग्लंडमध्ये कुटुंबाचा इतिहास शोधण्याच्या ज्या नेहमीच्या वाटा आहेत, त्या नेमक्या या लोकांसाठी बंद आहेत. ब्रिटनची जनगणना शंभर वर्षे गोपनीय राहते. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना आगीत नष्ट झाली, १९४१ मध्ये युद्धामुळे झालीच नाही. १९५१ ची जनगणना ८ एप्रिल रोजी झाली, म्हणजे भरतीच्या अगदी उंबरठ्यावर, आणि ती २०५२ पर्यंत पाहता येणार नाही. रहिवाशांची सप्टेंबर १९३९ ची नोंदवही खुली आहे, पण तेव्हा ही माणसे आपल्या गावी शेत खणत होती. बोटींच्या प्रवासी याद्यांचाही उपयोग नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १८७८ ते १९६० पर्यंतच्या याद्या आहेत खऱ्या, पण त्या युरोप आणि भूमध्य समुद्राबाहेरून आलेल्या जहाजांच्या. खाडी ओलांडणाऱ्या छोट्या बोटीतल्या प्रवाशांची नावे कोणी जपून ठेवली नाहीत. ‘आजोबा कोणत्या जहाजाने आले?’ या प्रश्नावर कित्येकांचे महिनोन्‌महिने वाया जातात. आजोबा आगगाडीने आले होते.

खरी भिस्त घरातल्या कागदांवर. परदेशी माणसाला इंग्लंडमध्ये तीन महिन्यांहून अधिक राहायचे तर पोलिसांकडे नाव नोंदवून प्रमाणपत्राची लहानशी पुस्तिका बाळगावी लागे. तीत छायाचित्र, जन्मतारीख, आल्याची तारीख, मालकाचे नाव आणि बदललेला प्रत्येक पत्ता नोंदलेला असतो. कुटुंबाच्या पहिल्या दहा वर्षांची ती दैनंदिनीच म्हणायला हरकत नाही. पोलिसांकडच्या प्रती देशभर बहुतेक ठिकाणी नष्ट झाल्या. लंडनसारख्या महानगरातल्यासुद्धा जेमतेम हजारभर उरल्या. म्हणून आजीच्या पेटीतली मूळ पुस्तिका हाती लागली तर ती सोन्याच्या मोलाची समजावी. तिच्या जोडीला इटालियन पासपोर्ट असेल तर दुधात साखर.

नागरिकत्व घेतलेल्यांच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात असतात आणि त्यांची नावे ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात पत्त्यासह छापून येत. पण बेडफर्डच्या पुष्कळ इटालियनांनी ब्रिटिश नागरिकत्व कधी घेतलेच नाही. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात शिरल्यावर त्याची निकडही उरली नाही. फाइल सापडत नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. फाइल नसणे हाही एक पुरावाच आहे, आणि पुढे नागरिकत्वाचा प्रश्न निघाला की तोच कामी येतो.

इंग्लंडमधील एक साधन मात्र या कामाला फार उपयोगी पडते. जन्मनोंदींच्या सूचीत सप्टेंबर १९११ पासून आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते. इटालियन कागदपत्रांत स्त्री आयुष्यभर माहेरच्याच आडनावाने नोंदली जाते, त्यामुळे दोन आडनावांची जोडी घेऊन बेडफर्डच्या सूचीत शोधले की भावंडे एकामागोमाग बाहेर पडतात. अडचण एवढीच की इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले. ‘दि’, ‘दे’, ‘देल’ अशी उपपदे कधी जोडून, कधी तोडून, कधी गाळून टाकलेली दिसतात. जुझेप्पेचा जो झालेला असतो, जोव्हान्नीचा जॉन, आंतोनियोचा टोनी. कागदावर एक नाव आणि भट्टीवर दुसरे.

चर्चच्या दप्तराचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. स्थलांतरितांची सेवा हेच ज्यांचे व्रत, त्या स्कालाब्रिनी पंथाच्या धर्मगुरूंनी बेडफर्डच्या इटालियनांचे धार्मिक काम हाती घेतले आणि १९६५ मध्ये सान्ता फ्रान्चेस्का काब्रिनी हे चर्च उभे राहिले. काब्रिनी ही स्थलांतरितांची आश्रयदाती संत, तेव्हा नाव अगदी चपखल. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वहीत आईवडिलांबरोबर धर्मपिता आणि धर्ममाता यांचीही नावे असतात. ती सहसा नातलगांची किंवा गावकऱ्यांची असतात, म्हणून त्यांचाही माग काढावा. आपल्या घराण्याचे गाव सापडत नसेल तर धर्मपित्याचे गाव शोधावे, अनेकदा ते एकच निघते.

या सगळ्या खटाटोपाचा इंग्लंडपुरता हेतू एकच : गावाचे नाव मिळवणे. ‘इटली’ किंवा ‘नेपल्स’ एवढ्यावर काहीही होत नाही. इटलीचे दप्तर देशाच्या नावावर लागत नाही, ‘कोमुने’ म्हणजे ग्रामपालिकेच्या नावावर लागते. ‘आम्ही नेपल्सचे’ असे घरात सांगितले जात असले तरी नेपल्स हे भरतीचे ठिकाण असू शकते, घराण्याचे नव्हे. प्रांतांच्या सीमाही बदलल्या आहेत. मोलीझे १९६३ पर्यंत आब्रुत्सीला जोडलेले होते, म्हणून त्या आधीच्या कागदावर ‘आब्रुत्सी ए मोलीझे’ असे दिसते. इझेर्निया हा जिल्हा तर १९७० मध्ये काम्पोबास्सोतून वेगळा काढला गेला.

गाव सापडले की मात्र पारडे एकदम फिरते. इंग्लंडमध्ये कोरड्या पडलेल्या विहिरीला इटलीत पाणी लागते. नेपल्सच्या राज्यात, म्हणजे सिसिली सोडून दक्षिण इटलीत, नेपोलियनच्या काळात, १८०९ पासून, जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि जुने राजे परतल्यावरही चालू राहिली. सिसिलीत ती १८२० पासून आहे. इटलीच्या एकीकरणानंतर १८६६ पासून सगळ्या देशाला एकच पद्धत लागू झाली. म्हणजे जो प्रदेश गरीब म्हणून हिणवला गेला, तिथल्या भूमिहीन मजुराचीही दोनशे वर्षांची कागदपत्रे आहेत, उत्तरेतल्या अनेक भागांत मात्र इतकी सलग नोंद नाही. एक प्रत गावात, दुसरी न्यायालयाकडे जाई. ती सत्तर वर्षांनंतर जिल्ह्याच्या राज्य अभिलेखागारात ठेवली जाते. मोन्तेफाल्चोनेसाठी आवेल्लीनो, बुस्सोसाठी काम्पोबास्सो, सान्तांजेलो मुक्सारोसाठी आग्रीजेन्तो. इटलीच्या संस्कृती मंत्रालयाच्या ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर यांपैकी पुष्कळ वह्यांची छायाचित्रे फुकट पाहता येतात. अंतेनाती म्हणजे पूर्वज.

या वह्यांतला सर्वांत श्रीमंत भाग म्हणजे १८६६ पूर्वीच्या लग्नांची जोडपत्रे. लग्नाला वडिलांची संमती लागे. वडील वारले असतील तर त्यांचा मृत्युदाखला, आणि त्यांच्या जागी संमती देणारे आजोबाही नसतील तर त्यांचाही. सोबत वधूवरांचे जन्मदाखले. एका लग्नाच्या गाठोड्यात तीन पिढ्या बांधलेल्या मिळतात. १८३० सालच्या लग्नातून १७६० च्या आसपास जन्मलेल्या पणजोबा-खापरपणजोबांची नावे हाती येतात, तीही चर्चच्या लॅटिन वह्यांना हात न लावता.

वाचताना दोन-तीन खुणा ठाऊक असाव्यात. वडिलांच्या नावाआधी ‘दि’ असेल तर वडील हयात, ‘फू’ असेल तर दिवंगत. इंग्रज कारकुनांनी हा ‘फू’ कधी नावाचाच भाग समजून उतरवला आहे. दुसरी खूण म्हणजे नावे ठेवण्याची रीत : थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, थोरल्या मुलीला वडिलांच्या आईचे, पुढच्यांना आईच्या आईवडिलांची. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात तसेच, पण तिकडे ते इतके काटेकोर की भावंडांच्या नावांवरून आजी-आजोबांचा अंदाज बांधता येतो. त्याचा तोटा असा की एकाच गावात एकाच पिढीत पाच चुलतभाऊ एकाच नावाचे निघतात. त्यांना वेगळे ओळखायला घराण्याचे टोपणनाव वापरत, आणि ते कागदावर क्वचितच येते, म्हाताऱ्यांच्या तोंडीच असते. म्हणून अनुभवी मंडळी आधी माणसांशी बोलतात आणि मग वह्या उघडतात. ‘एस्पोझितो’सारखे आडनाव आले की शोध कुठेतरी थांबणार याचीही तयारी ठेवावी. मुळात ते टाकून दिलेल्या बाळांना दिले जाई.

पुरुषांसाठी लष्करी भरतीच्या याद्या आहेत. त्यांत उंची, केसांचा रंग, छातीचा घेर, व्यवसाय आणि लिहिता-वाचता येते की नाही हेही नोंदलेले असते. ज्या आजोबांचे एकही छायाचित्र नाही, त्यांचे शब्दचित्र इथे मिळते.

अलीकडे या शोधामागे केवळ जिव्हाळा नसतो. ब्रिटन युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडल्यावर इटालियन पासपोर्टसाठी पूर्वज सिद्ध करणाऱ्यांची धडपड सुरू झाली. इथे तारखांना फार महत्त्व आहे. १६ ऑगस्ट १९९२ पूर्वी परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे इटालियन नागरिकत्व जाई, तेव्हा आजोबा ब्रिटिश झाले ते मूल होण्याआधी की नंतर, यावर सगळे अवलंबून. आईकडून येणारा हक्क १ जानेवारी १९४८ नंतर जन्मलेल्यांनाच सरळ मिळे. २०२५ च्या कायद्याने तर परदेशात जन्मलेल्यांसाठी ही वाट सामान्यतः आईवडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच आखूड केली. बेडफर्डची आजची तरुण पिढी बहुधा त्या मर्यादेच्या आत बसते. पुढचीचे सांगता येत नाही.

बेडफर्डमध्ये इटलीची उपवकिलात १९५४ पासून होती, ती २००८ मध्ये बंद झाली. स्टूअर्टबीची भट्टीही त्याच वर्षी विझली आणि उरलेली चार धुराडी २०२१ मध्ये पाडली गेली. पण वकिलातीमार्फत कळवलेल्या नोंदी गावाकडे पोचलेल्या होत्या. बेडफर्डच्या इस्पितळात जन्मलेल्या मुलाचा जन्म आजोबांच्या डोंगरी गावच्या वहीतही उतरवला जाई आणि इंग्लंडमध्ये झालेले लग्न मूळ जन्मनोंदीच्या समासात लिहिले जाई. चर्चच्या बाप्तिस्मा-वहीतही तसेच. त्यामुळे कधी कधी उलटेच घडते : बेडफर्डच्या माणसाला आपल्या आजोबांचे बेडफर्डमधले लग्न कुठे आणि कधी झाले, हे बुस्सोच्या वहीच्या समासातून कळते.