मॉडेल-चॉइस-फील्ड

डेटाबेसमधील नोंदींवरून वेब-फॉर्मची निवडसूची (ड्रॉपडाऊन) तयार करणारा जँगो या पायथन फ्रेमवर्कचा घटक. फ्रेमवर्कचे नाव गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यावरून आले. त्याच्या रोमन लेखनातील (Django) ‘डी’ अनुच्चारित असल्याने शिकवणीच्या वर्गांतून ऐकू येणारा ‘डीजँगो’ हा उच्चार ग्राह्य नाही. फ्रेमवर्कचा आरंभ कोणी २००३ धरतात, कोणी २००५. पहिले वर्ष कॅन्ससमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीत झालेल्या घडणीचे, दुसरे प्रकाशनाचे. मॉडेलवरून (डेटाबेसच्या तक्त्याचे वर्णन करणाऱ्या पायथन क्लासवरून) फॉर्म बनवण्याची सोय आधी फंक्शनच्या रूपात होती. सप्टेंबर २००८ च्या १.० आवृत्तीत ‘मॉडेलफॉर्म’ हा वर्ग (क्लास) स्थिरावला.

सूचीतील पर्याय क्वेरीसेटमधून (डेटाबेसकडून मागवलेल्या नोंदींच्या संचातून) येतात. पर्यायाची अक्षरे मॉडेलच्या ‘स्ट्र’ पद्धतीतून (मेथड) येतात. ती लिहिली नसेल तर तालुक्याच्या नावाच्या जागी ‘तालुका ऑब्जेक्ट (३)’ असे काहीतरी उमटते. रिकाम्या पर्यायाच्या नऊ रेघांऐवजी ‘तालुका निवडा’ हवे असल्यास ‘एम्प्टी-लेबल’ बदलावे. नुसते ‘खटाव’ पाहून गाव की तालुका, हे कळत नाही (तालुक्याचे ठाणे तर वडूजला). अशा वेळी ‘लेबल-फ्रॉम-इन्स्टन्स’ नव्याने लिहून ‘पळशी, ता. माण’ असे पत्त्याच्या धर्तीचे लेबल देतात. मात्र त्यासाठी प्रत्येक गावामागे तालुक्याची वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जाते; ती संबंधित नोंदी एकाच क्वेरीत आणणाऱ्या ‘सिलेक्ट-रिलेटेड’ने टाळावी.

क्रमाचा प्रश्न अधिक बिकट आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल-नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत ह-नंतर. त्यामुळे नुसत्या युनिकोड क्रमाने लावलेल्या यादीत माणमधील पळशी वाईजवळच्या पसरणीच्या आधी लागते. वर्णमालेनुसार पसरणी आधी हवी. ३.२ आवृत्तीपासून ‘कोलेट’ फंक्शनने क्रमवारीचे नियम निवडता येतात, पण ते डेटाबेसवर अवलंबून असतात. तक्त्यात ‘क्रम’ असा आकड्यांचा स्तंभ ठेवणे ओबडधोबड खरे, तरी अधिक भरवशाचे.

तालुका निवडताच फक्त त्यातलीच गावे दाखवायची, तर गफलत ठरलेली. जावळी निवडल्यावर ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट मेढ्याचे नाव यादीत आणते, वापरणारा ते निवडतो, आणि फॉर्म ‘हा पर्याय उपलब्ध नाही’ म्हणून परत येतो. कारण सुरुवातीला रिकामा ठेवलेला सर्व्हरवरचा क्वेरीसेट रिकामाच असतो आणि तपासणी त्याच्याशीच होते. आलेल्या तालुक्यावरून, फॉर्म तयार होताना चालणाऱ्या ‘इनिट’मध्ये क्वेरीसेट पुन्हा बांधावा लागतो. पर्यायांवरचे बंधन मॉडेलमध्येच ‘लिमिट-चॉइसेस-टू’ने घालावे, असा एक पक्ष आहे. सर्वत्र सारख्या असणाऱ्या अटीला तो योग्य. तालुक्यागणिक किंवा लॉगिनगणिक बदलणारी अट फॉर्ममध्येच शोभते.

ॲडमिनमध्ये (जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांवर) हेच काम ‘फॉर्मफील्ड-फॉर-फॉरेनकी’ करते. यादी फार लांबल्यास २.० पासून ‘ऑटोकम्प्लीट-फील्ड्स’ने शोधपेटी मिळते.