एका फाइलवरून दुसरीवर जाताना

एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर किंवा कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडली की डिस्कवरच्या फाइलला आपला हात लागत नाही. तिची प्रत मेमरीत येते आणि टाइप केलेलं सगळं त्या प्रतीत जातं. या प्रतीला बफर म्हणतात. सेव्ह करेपर्यंत बफर आणि फाइल वेगवेगळे राहतात. मग सेव्ह न करता दुसऱ्या फाइलवर गेलो तर त्या बदलांचं काय? सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या 'एड' या एडिटरमध्ये बफर एकच होता. दुसरी फाइल आणायची तर आधीचा मजकूर जाणार. पुढे 'एड'मध्ये रूढ झालेली रीत अशी : बदल सेव्ह न करता दुसरी फाइल मागितली तर तो फक्त प्रश्नचिन्ह छापतो, आणि तीच कमांड पुन्हा दिली की बदल टाकून नवी फाइल उघडतो. बिल जॉय यांच्या 'व्हीआय' या एडिटरने निदान कारण सांगितलं, 'शेवटच्या बदलानंतर फाइल लिहिलेली नाही', आणि बदल सोडायचेच असतील तर कमांडनंतर उद्गारचिन्ह लावायला लावलं.

खरा फरक पडला तो ईमॅक्स या एडिटरच्या पद्धतीने. प्रत्येक फाइलचा बफर वेगळा, त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर जाताना काही गमावण्याचा प्रश्नच नाही, मग सेव्हबद्दल विचारायचं कशाला? विचारणा होते ती ईमॅक्स बंद करताना. मशीन मध्येच बंद पडलं तर? त्यासाठी साधारण दर ३०० कळा दाबल्यावर बफरची प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवली जाते, मूळ फाइल तशीच राहते. माझ्या मते या विषयातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. मूळ फाइल कधी बदलायची, हे लिहिणाऱ्याच्याच हातात राहतं.

'व्हीआय'च्या धर्तीवरच्या 'व्हिम'मध्येही अनेक बफर होते, पण बदललेला बफर मागे ठेवून पुढे जायला 'हिडन' हा पर्याय स्वतः चालू करावा लागे. व्हिमवरूनच तयार झालेल्या निओव्हिमने तो २०२१ मध्ये मुळातच चालू ठेवला. सब्लाइम टेक्स्ट आणि व्हीएस कोड या एडिटरांनी वेगळ्या प्रतीची कल्पना आणखी पुढे नेली : एडिटर न विचारता बंद होतो आणि उघडल्यावर अर्धवट बदल जसेच्या तसे समोर येतात.

मात्र कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालवता येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम, वाचतो ती डिस्कवरची फाइल. बदल सुखरूप असले तरी सेव्ह केले नसतील तर जुनाच कोड चालतो. म्हणून बदल सेव्ह झालेले नाहीत हे सांगणारा टॅबवरचा तो छोटा ठिपका अजून लागतोच.