एकाच रांगेतले हात

ऑगस्ट २०१९. गंगेला पूर आला होता. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय ते बघून जुन्या माणसांनी अंदाज बांधला आणि भांडीबाजारात माल वर चढवायची धांदल उडाली. पातेल्यांच्या गोण्या हातोहात माळ्यावर जात होत्या. त्या रांगेत दोघे शेजारी उभे होते, जे एप्रिलमध्ये लोकसभेच्या प्रचारात एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. एक जण दुसऱ्याला ओरडला, "अरे, खालून धर, बूड फाटेल गोणीचं!" त्यानेही निमूटपणे खालून हात घातला.

हे बघताना मला १९५४ मधला एक प्रयोग आठवतो. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. रस्सीखेच, बेसबॉल अशा चुरशी लावल्या. बघता बघता शिवीगाळ सुरू झाली, झेंडा जाळण्यापर्यंत मजल गेली. मग शेरीफने दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही, उलट ताटातलं अन्न एकमेकांवर फेकलं गेलं. फरक पडला तो शिबिराचं पाणी बंद झाल्यावर. बिघाड शेरीफच्या माणसांनी मुद्दाम केलेला, पण मुलांना ते ठाऊक नव्हतं. तहान सगळ्यांनाच लागली आणि बिघाड शोधायला दोन्ही गट एकत्र गेले. अशी दोन-चार कामं झाल्यावर वैर ओसरत गेलं.

नुसतं शेजारी बसवून भागत नाही, हे आपल्या देशातही तपासलं गेलं आहे. अर्थतज्ज्ञ मॅथ्यू लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या शेकडो तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. कोणी कोणाच्या संघात जायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. परजातीचे खेळाडू ज्यांच्या संघात होते, त्यांची परजातीत मैत्री वाढली. समोरच्या संघात परजातीचे जास्त होते, तिथे ती घटली. मैदान तेच, चेंडू तोच. आपले वाद प्रचारसभेत आणि टीव्हीवर कायम दुसऱ्या प्रकाराने रंगतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि गटांमधली ही भिंत मुळात किती पातळ असते! मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांना सांगितलं की, तुम्हाला या चित्रकाराची चित्रं आवडली, तुम्हाला त्या. प्रत्यक्षात वाटणी वाटेल तशी केली होती. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हा वर्षानुवर्षं एकाच गाडीतून फिरलेली माणसं एका रात्रीत 'ते' झाली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं.

पण पूर काही रोज येत नाही. एरवी काय करायचं? डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मायामीत दारोदार जाऊन बोलणाऱ्यांचा अभ्यास केला. ते मुद्दे पटवत बसत नव्हते. समोरच्याला त्याच्या आयुष्यातला एखादा प्रसंग विचारायचे, लोकांनी वेगळं म्हणून नावं ठेवली असा, आणि ऐकायचे. दहाएक मिनिटांच्या या बोलण्याने तृतीयपंथीयांबद्दलची अढी कमी झाली आणि तो परिणाम तीन महिन्यांनीही टिकून होता.

मागच्या हिवाळ्यात मिसळीच्या टेबलावर मी हे करून पाहिलं. कांदा पिकवणारा एक मित्र, दुसऱ्या पक्षाचा. "तुमचा नेता असा का बोलला?" हा नेहमीचा प्रश्न गिळला आणि विचारलं, "निर्यात बंद झाली त्या डिसेंबरात तुझ्याकडे काय झालं रे?" तो ट्रॉलीबद्दल बोलला, लिलावात पुकारलेल्या भावाबद्दल, घरी जाऊन आईला काय सांगावं याबद्दल. माझी तर्री गार झाली. मग त्याने पाव माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "आता तू सांग, तू त्यांना मत का देतोस?"