सोन्याच्या निबमुळे पेन गुळगुळीत चालतं?

हाताने घडवलेलं शाईपेन घ्यायला निघालेल्या अनेकांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो: निब सोन्याची असेल तरच पेन कागदावर लोण्यासारखं चालतं. तसं नाही.

कागदाला सोनं टेकतच नाही. सोनं मऊ, ते लवकर झिजेल. म्हणून निब सोन्याची असो वा स्टीलची, चांगल्या निबच्या टोकाला ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा बारीक मणी जोडलेला असतो. हाताला जाणवतो तो हा मणी. तो नीट घासलेला असला आणि निबच्या मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका रेषेत असली, की स्टीलची निबही सुरेख चालते.

मग सोनं आलं कशाला? जुन्या आम्लधर्मी शायांनी पोलाद गंजायचं, सोनं गंजत नाही. स्टेनलेस स्टील आल्यावर ती अडचण बरीचशी सरली.

माझ्या मते बजेट बेताचं असेल तर पैसे पेनाच्या अंगावर घालावेत. आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीला १९३० च्या दशकापासून एबोनाइटची, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराची, पेनं लेथवर घडतात. एबोनाइट हाताला उबदार लागतं, फक्त उन्हात फिकं पडतं. चकाकी आवडणाऱ्याने अ‍ॅक्रिलिक घ्यावं. टोपण मागे खोचून लिहिणाऱ्याने मात्र जड पितळी क्लिप आणि कड्या टाळाव्यात. तोल मागे जातो आणि मनगट दुखतं.