मुस्तफा बारझानी ‘सोव्हिएत जनरल’ होते का?

कुर्द नेते मुस्तफा बारझानी (1903–1979) स्टालिनच्या लाल सेनेत जनरल होते, असं आजही सर्रास लिहिलं जातं. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांना ‘लाल मुल्ला’ ठरवून टाकलं होतं. हे चुकीचं आहे.

त्यांना जनरलपद मिळालं ते महाबादमध्ये. 22 जानेवारी 1946 रोजी इराणच्या त्या गावात काझी मुहम्मद यांनी कुर्द प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याच्या सैन्याचे गणवेश सोव्हिएत धाटणीचे होते, आणि खांद्यावर पट्ट्या असलेला बारझानींचा फोटो पाहून घोटाळा झाला. फोटो खरा आहे, सैन्य मात्र वेगळं!

मुळात ते इराकमधल्या बारझान गावच्या नक्शबंदी (एक सूफी पंथ) शेखांच्या घराण्यातले. टोळीचा मान थोरले भाऊ शेख अहमद यांच्याकडे होता.

डिसेंबर 1946 मध्ये प्रजासत्ताक कोसळलं, पुढच्या मार्चमध्ये काझींना फाशी झाली. बारझानी सुमारे 500 साथीदारांसह डोंगरांतून लढत निघाले आणि जून 1947 मध्ये अरास नदी ओलांडून सोव्हिएत हद्दीत शिरले. तिथे त्यांना सैन्यातलं पद कसलं मिळतंय? ते निर्वासित होते. साथीदारांची पांगापांग झाली, अनेकांना उझबेकिस्तानात धाडलं गेलं. परिस्थिती सुधारली ती स्टालिनच्या मृत्यूनंतर, 1953 पासून. इराकमधली राजेशाही उलथल्यावर, ऑक्टोबर 1958 मध्ये ते बगदादला परतले.

कम्युनिस्ट म्हणावं, तर 1972 पासून त्यांच्या लढ्याला मदत शहाच्या इराणची आणि अमेरिकेची होती. इराण आणि इराक यांच्यात मार्च 1975 मध्ये झालेल्या अल्जियर्स करारानंतर ती एका झटक्यात तोडली गेली.